खालून धरलेली शिडी

"पाव तास झाला, नुसतं टेस्टर लावतीया. वायरीशी लगीन जमवतीया का काय!" हनुमंत मिस्त्री पुटपुटले. पुटपुटले म्हणजे रत्नाला नीट ऐकू जाईल इतकंच. शिडी त्यांनीच धरली होती.

रत्नाने टेस्टर पुन्हा टेकवला. दिवा लागला नाही. कमरेची पिशवी चाचपली. तिन्ही फ्यूज होते. तिने आणखी एकदा टेस्टर टेकवला.

"आगं, फ्यूज तुझ्यापाशी, मग लाईट येईल कुठनं? आभाळातनं?"

"बगते फकस्त, मिस्त्री."

गुंजवण्याची ही पोरगी आयटीआय करून मिस्त्रींच्या हाताखाली वायरमनचं काम शिकत होती. दहा महिने झाले होते, दोन उरले होते. तेवढ्या काळात नसरापूरचं कापडदुकान झालं, वेल्ह्यातलं लॉज झालं, कापूरहोळकडचे ढाबे झाले, आणि आता वरव्याजवळचं हे गोडाऊन. जागा बदलायची, मालकांची घाई तीच. शेवटी काम शिकल्याच्या दाखल्यावर सही मिस्त्रींची लागणार होती. माणूस वाईट नव्हता. पोरगी शिडीवर चढलेली बघून एका मालकाने नाक मुरडलं, तेव्हा "मग तुमी चढा की वो," म्हणणारे हेच.

आणि पहिल्या दिवशी नियम घालून देणारेही हेच. जो वर चढेल, मेनचे काढलेले फ्यूज त्याच्याच खिशात. खालच्याच्या हातात द्यायचे नाहीत, सख्खा भाऊ असला तरी.

रत्नाबरोबर शिकणारा सिद्धनाथ हा नियम पाळायचा. डोंगरमाथ्यावरच्या धनगरवस्तीतला पोरगा. दीड महिन्यापूर्वी एका ढाब्याच्या पत्र्याखाली जीव उकडून निघाला, तेव्हा त्याने शर्ट काढून खिळ्याला अडकवला. फ्यूज खिशातच राहिले. मालक फ्रीझरमधल्या मटणापायी कोकलत होता. सिद्धनाथ आडभिंतीमागे शिडीवर होता, दिसत नव्हता. मिस्त्रींना वाटलं, शर्ट काढून तोंड धुवायला गेला. त्यांनी खिशातून फ्यूज काढले आणि बसवले. रत्ना दारात चहाची किटली घेऊन उभी होती. ओरडायला तिने तोंड उघडलं, तोवर पलीकडे धप्प आवाज झाला होता.

"चक्कर आली पोराला," असं आधी मालक म्हणाला. मग मिस्त्री म्हणाले. मग कुणी विचारल्यावर रत्नाही म्हणाली. कागदावर 'शिडीवरून पडून मृत्यू' असं आलं. तसं तेही खोटं नव्हतंच.

तेव्हापासून ती घरातलं मिक्सरचं बटणसुद्धा लाटण्याने दाबायची. आई म्हणायची, "वायरमन म्हनं! कुनी बघितलं तर हसंल." रत्नाही हसायची. मग लाटणं मिक्सरशेजारीच ठेवायची.

"हाय का कुनी?"

दारात सिद्धनाथचे वडील होते, रायबा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"या, रायबा," मिस्त्री म्हणाले. शिडी त्यांनी सोडली नाही.

"पोराची पिशवी ऱ्हायली म्हनं तुमच्याकडं."

"हाय. भाईर टेम्पोत हाय, पुढच्या शिटाखाली."

रायबा निघाले नाहीत. शिडीकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले.

"एवढीच व्हती का ती?"

"व्हय. एवढीच."

"कड्याच्या कडंनं कोकरू काखंत मारून पळायचा वो त्यो. आमच्या वस्तीत चक्कर कुनाला ठावं न्हाई." त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "त्या दिशी न्याहारी न करता आला. त्याची आय, पारू, म्हनती, म्या भाकर बांधून दिली न्हाई, म्हनून आली चक्कर. तवापास्नं ती बी सकाळची खात न्हाई. किती सांगितलं."

"तसं काय नसतंय, रायबा. उन्हाची येती एखाद्याला."

मिस्त्रींचा आवाज नेहमीचाच होता. शिडी मात्र हलली. रत्नाने वरची पायरी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आसंल," रायबा म्हणाले. त्यांनी हात जोडले. "तुमी दवाखान्यात न्हेलं, शेवटपातूर थांबला. लई केलं, मिस्त्री." आणि ते वळले.

रत्नाने खाली पाहिलं. दहा-बारा फूट. मिस्त्रींचे दोन्ही हात शिडीवर, मान वर, डोळे तिच्यावर. उतरून सांगावं, असं तिला वाटलं. पण खाली पाय टेकले की आपण गप्प बसणार, हेही तिला ठाऊक होतं.

"बाबा."

रायबा थांबले.

"काकींना म्हनावं, भाकरीचं काय न्हाई. सिद्धूला चक्कर आलीच न्हाई. त्यानं वायरीला हात लावला तवा लाईट चालू व्हती. मिस्त्रींनी लावल्याली. म्या बघितलं, आन् म्या बी खोटं बोलले."