नाकाने फोन उचलणारे बेकरीवाले अण्णा

बेकरीवाले अण्णा फोन नाकाने उचलायचे. खोटं वाटेल, पण दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात रुतल्यावर माणसाने करावं तरी काय? फोन फळीवर उभा, हिरवं बटण उजव्या कोपऱ्यात. मान तिरकी करायची, शेंडा टेकवायचा, की "बोला!" ते नाक एवढं तरबेज झालं होतं, की सांगितलं असतं तर सुईत दोराही ओवला असता.

त्या दिवशी लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, बायको तिच्यापाशी. पहाटेपासून कळा चालू, पण बाळ काही मनावर घेईना. अण्णांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, म्हणून ते तिप्पट पीठ मळत सुटले होते.

फोन वाजला. अण्णांनी नाक टेकवलं. कट!

रात्रीतून फोनने कुणाला न विचारता स्वतःला सुधारून घेतलं होतं. हिरव्याच्या जागी लाल, आणि हिरवं कुठे गेलं ते त्या फोनलाच ठाऊक.

पुन्हा वाजला. पुन्हा नाक. पुन्हा कट.

"अरे गधड्या, तुला कुणी सांगितलं होतं सुधारायला?" अण्णा गरजले. बायको उगाच दोनदा फोन करणारी नव्हती. घाईघाईत त्यांनी नाकानेच उलट फोन लावायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढे लख्ख उजेड पडला, काहीतरी 'टुंग' वाजलं, आणि काय झालं ते कळेना. शेवटी त्यांनी पिठातून हात उपसले आणि नळाकडे धावले. कोपरापर्यंतचं चिकट पीठ खरवडता खरवडता पाव तास गेला, तोच पुन्हा फोन! ओल्या बोटांनी सगळा पडदा चोळला, तेव्हा कुठे आवाज आला.

"अहो, हे काय पाठवलंत?"

"मी? काय?"

"नाकपुड्या! दोन भुयारं नुसती, केसन्‌केस पिठाने माखलेला! पोरगी घाबरून रडत होती, तुम्ही फोन तोडताय म्हणून मी चिडले होते. तिने तो फोटो बघितला आणि अशी हसत सुटली, की डॉक्टरीणबाई ओरडल्या, 'अहो थांबा, मला हातमोजे तरी घालू द्या!'"

"अगं, म्हणजे?"

"म्हणजे आजोबा झालात. नात आहे. दोघी ठणठणीत."

अण्णा मैद्याच्या पोत्यावर मटकन बसले. "फोन जरा तिच्या तोंडाशी धर."

नात अशी कडाडली, की फळीवरचे पावाचे साचे थरथरले.

"बंद करू का आता?" बायकोने विचारलं.

"नको गं," अण्णा डोळे पुसत म्हणाले, "रडू दे. काय सुरेख रडतेय."