डोळ्यांवरची चरबी

शर्टांच्या कारखान्यात दिवसभर कॉलर शिवून शिलाईवाली घरी आली आणि चपला काढता काढताच भिंतीला टेकून बसली. तिच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर डाग उठले होते. कावीळच असणार असं धरून ती महिनाभर धास्तावली होती. आज जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो घोर मिटवला आणि दुसरा लावला. ही कातडीखाली साठलेली चरबी आहे, म्हणाल्या. डागांनी काही होत नाही, पण रक्तातही चरबी वाढली असेल तर ते हृदयाला जड जाईल. उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला या.

"आई, उद्या मला लवकर जायचंय. सकाळचा चहा तुमचा तुम्ही बघा," ती म्हणाली.

सासूबाई कडाडल्या, "डोळ्यांवर चरबी चढलीय तुझ्या!"

शिलाईवालीला हसूच फुटलं. "डॉक्टरही हेच म्हणाल्या," असं म्हणून तिने सगळं सांगितलं.

सासूबाईंनी चष्मा चढवला आणि तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

"दुखतं का गं?"

"नाही. पण तपासायला हवं."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. डब्यांची आदळआपट ऐकू आली.

"जा उद्या. मी टाकते चहा," त्या आतून म्हणाल्या. "पण साखर ठेवतेस कुठे?"

तिच्याने उठवेना. "वरच्या फळीवर," तिने बसल्या जागेवरूनच सांगितलं, "निळ्या झाकणाचा डबा."