दुसऱ्या खोलीचा हुकूम

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर नवल वाटायला नको.

तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. चंद्रपुरात नागपूर रोडवर एक चार मजली इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर एका विमा कंपनीचं ऑफिस आहे. तिथल्या रेकॉर्ड रूमच्या फॉल्स सीलिंगवर, अंधारात, मी चार सळ्यांना लटकलेली असते. मेकॅनिक लोक मला व्हीएव्ही बॉक्स म्हणतात. माझ्या अंगावर निळ्या रंगात सात नंबर लिहिला आहे.

माझं काम साधं आहे. गच्चीवरचं मोठं मशीन थंड हवा तयार करतं. ती डक्टमधून, म्हणजे पत्र्याच्या नळातून, मजलाभर फिरते. प्रत्येक खोलीच्या वाट्याला एक पेटी असते, पेटीच्या पोटात एक झडप असते आणि त्या खोलीच्या भिंतीवर थर्मोस्टॅट. खोली तापली की थर्मोस्टॅट तारेवरून सांगतो, ‘उघड.’ गार झाली की सांगतो, ‘मीट.’ जिला जितकी हवा लागते, तितकी तिला द्यायची. बस.

बारा वर्षांपूर्वी मला इथे बसवलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. वायरमनला घाई होती. त्याने माझी तार आठ नंबरच्या पेटीला जोडली आणि आठ नंबरची मला. आठ नंबर म्हणजे शेजारच्या मॅनेजर साहेबांच्या केबिनची पेटी. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. तारा कोणी तपासल्या नाहीत.

काय झालं ते नीट ऐका. रेकॉर्ड रूममध्ये आठ माणसं, नऊ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि खिडकी एकही नाही. ती खोली तापायची. तिचा थर्मोस्टॅट म्हणायचा, ‘उघड.’ पण उघडायची आठ नंबर. केबिनमध्ये एकट्या साहेबांवर गार वारा सुटायचा. केबिन गारठली की तिथला थर्मोस्टॅट म्हणायचा, ‘मीट.’ आणि मिटायची मी. म्हणजे माझ्या खालची माणसं जितकी घामाघूम, तितकी केबिन गार, आणि तितकी माझी झडप घट्ट. माझा पत्रा खालच्या उष्णतेने तापायचा. मला कळायचं की हा हुकूम चुकीचा आहे. पण मी यंत्र. जे तारेवरून आलं ते मी केलं.

सत्यशीलाबाई या रेकॉर्ड रूमच्या प्रमुख. भद्रावतीहून रोज बसने यायच्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी अर्ज लिहिला, की खोलीत हवा येत नाही. मग दर उन्हाळ्यात लिहू लागल्या. मॅनेजर बदलले, बाईंचं अक्षर बदललं नाही. मेकॅनिक वर्षातून दोनदा यायचे, गच्चीवरचं मशीन बघायचे, ‘थंडा आहे ना?’ म्हणायचे आणि सही करून जायचे. एकाने एकदा छताची फरशी उचलून मला पान्याने दोन ठोके मारले. ‘डब्बा झाला हा,’ म्हणाला आणि उतरून गेला. त्या ठोक्याचा पोचा अजून माझ्या कुशीवर आहे.

तीन वर्षांपूर्वी गुणवंतराव मॅनेजर म्हणून आले. ते दुष्ट नव्हते, हे मी रागातही कबूल करते. पण ऐन मे महिन्यात ते केबिनमध्ये स्वेटर घालून बसायचे आणि बाईंचा अर्ज वाचून हसायचे.

“बाई, एसी खराब असता तं मले थंडी कशी वाजली असती?”

“साहेब, तुमच्या खोलीचं नाई, आमच्या खोलीचं सांगून राह्यली मी.”

“एकच मशीन आहे नं! तुमच्या लोकायले कामाचाच घाम येते का काय?”

हे बोलणं मी वरून ऐकलं. सीलिंगच्या पोकळीत सगळं ऐकू येतं.

मागच्या वर्षी हर्षा नावाची मुलगी कामाला लागली. चामोर्शीची. तिची खुर्ची बरोबर माझ्याखाली. एप्रिलमध्ये तिने घरून छोटा टेबल फॅन आणला. कागद उडतात म्हणून गुणवंतरावांनी तो काढायला लावला आणि तिच्या नावाने मेमो काढला. नव्या नोकरीतला पहिलाच कागद तो. तिने तो चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा कामाला लागली.

मे महिन्याच्या एका दुपारी बाहेर पारा शेहेचाळीसवर होता. हर्षा कपाटातून फाईल काढायला उठली आणि उभ्या उभ्या कोसळली. कपाटाची कड कपाळाला लागली. सत्यशीलाबाईंची हाक ऐकली तेव्हा, मित्रांनो, मी घट्ट मिटलेली होते. भिंतीपलीकडे आठ नंबर पूर्ण उघडी होती. हर्षाला पाच टाके पडले.

मग मात्र सगळे हलले. आणि दोष कोणाला दिला? मला! ‘सात नंबरची पेटी निकामी. काढून नवी बसवणे.’ असा कागद निघाला.

पेटी काढायला लालसूभाऊ मेकॅनिक आले. आलापल्लीकडचे, पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे. शिडी लावून एक पाय ठेवला, तोच सत्यशीलाबाई समोर उभ्या राहिल्या.

“भाऊ, तिले काढाच्या आधी तिले काय झालं ते पाह्यसान का नाई?”

“कागदावर बदला म्हणून लिवलं आहे, बाई.”

“बारा वर्षांपासून मी बी लिवूनच राह्यली. कोणी पाह्यलं नाई. तुम्ही तरी पाहा.”

लालसूभाऊंनी पाय खाली घेतला. भिंतीजवळ गेले, रेकॉर्ड रूमच्या थर्मोस्टॅटचं बटण पार थंड बाजूला नेलं, मग वर चढून माझ्या अंगावर तळहात ठेवला. मी हलले नाही. कशी हलणार? पण केबिनच्या बाजूने मोटरचा आवाज आला. त्यांनी मान तिरपी केली. खाली उतरले, बटण उलट फिरवलं. पुन्हा तिकडेच आवाज. मग ते केबिनमध्ये गेले आणि तिथलं बटण थंड बाजूला फिरवलं.

माझी झडप उघडली. अख्खी. ऐन उन्हाळ्यात इतकी हवा मी त्या खोलीला कधीच दिली नव्हती. टेबलांवरचे कागद उडाले आणि आठही माणसांनी माना वर केल्या.

“तार उलटी आहे,” लालसूभाऊ म्हणाले. “इथचा हुकूम तिथी जाते, अन् तिथचा इथी येते.”

गुणवंतराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, गुपचूप नवी पेटी लावून टाका. रिपोर्टमध्ये पेटी जुनी झाली म्हणून लिवा.”

“काऊन, साहेब? तिनं कोणतं खोटं काम केलं? जे सांगतलं तेच केलं. मी तं तार उलटी होती असंच लिवीन.”

बारा वर्षांत माझ्या बाजूने बोललेला तो पहिला माणूस.

सत्यशीलाबाई म्हणाल्या, “साहेब, भाऊ काम करते तोपर्यंत तुम्ही इथी बसा. हर्षाच्या खुर्चीवर.”

गुणवंतराव बसले. काम सुरू होतं म्हणून माझी झडप मिटलेली होती, आणि सगळी यंत्रं चालू. पाच मिनिटांत स्वेटर उतरला. मग शर्टाचं वरचं बटण निघालं. थोड्या वेळाने ते उठायला लागले. बाई दारातून हलल्या नाहीत.

“अजून काम व्हाचं आहे, साहेब.”

ते पुन्हा बसले. रुमाल पिळण्याइतका भिजला होता. “रोज असंच असते?” त्यांनी विचारलं. प्रिंटर चालत राहिला.

लालसूभाऊंनी मला फेकलं नाही. “पत्रा मजबूत आहे, फक्त डोकं बदलू,” म्हणाले. माझी जुनी मोटर आणि कंट्रोलर काढून नवे बसवले. ज्या दोन बारीक नळ्यांनी मी हवा मोजते, त्या फुंकल्या तर इथल्या खाणींतल्या कोळशाची काळी भुकटी बाहेर पडली. प्रिंटरच्या वर तापत बसलेला थर्मोस्टॅट दुसऱ्या भिंतीवर नेला. तारा आपापल्या जागी गेल्या. रिपोर्टवर ‘तारा उलट्या जोडलेल्या’ असं लिहिलं आणि गुणवंतरावांनी खाली सही केली. त्याच संध्याकाळी हर्षाचा मेमो रद्द झाला.

सोमवारी हर्षा कामावर आली, कपाळाला पट्टी. लालसूभाऊ हवा मोजायला आले होते. ती खुर्चीवर बसली. माझी हवा तिच्या केसांना लागली. मला वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही.

“भाऊ, किती दिवसाचं काम होतं हे?”

“अर्ध्या दिवसाचं, ताई.”

“मंग बारा वर्षं काऊन लागली?”

लालसूभाऊ हवा मोजायचं मीटर पिशवीत भरू लागले.

मित्रांनो, हाच प्रश्न मलाही छळतो, म्हणून तर माझा राग जात नाही. माझ्यासारख्या पेट्या पुसा, तपासा, तारा बघा, ते तर कराच. पण कोणी जीव तोडून सांगत असेल की इथे फार गरम होतंय, तर आपल्या खोलीत बसून ‘मला तर गार लागतंय’ म्हणू नका. उठा, आणि त्याच्या खुर्चीवर जाऊन बसा.