बारा पिशव्या आणि माझे शून्य

एक पिवळी बादली. बर्फाची पेटी. बारा घरे. पाठीवरचा स्क्रू. झाकणाखाली वाफाळणारा रस्सा.

थांबा मित्रांनो, आनंदाच्या भरात सगळे एकदम सांगत सुटलो! मी एक जुना टांगायचा वजनकाटा आहे. गोल तोंड, एक सुई, खाली लोखंडी आकडा. कारखान्यातून निघालो तेव्हा चकाकत होतो. पुढे शेळ्यांच्या गोठ्यात खुंटीला लागलो आणि वर्षानुवर्षे खुराक तोलला. बादलीचे वजन त्यात धरले जाऊ नये म्हणून मालकीणबाईंनी माझा स्क्रू फिरवून ठेवला होता. रिकामी बादली अडकवली की सुई बरोबर शून्यावर!

आणि मग तो दिवस उजाडला. यंदा बोकड व्यापाऱ्याला द्यायचे नाहीत, मटण आपणच घरोघरच्या गिऱ्हाइकांना विकायचे, असे मालकीणबाईंनी ठरवले होते.

"आज फसलं ना, तर पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागेल," त्या दिराला म्हणाल्या.

दोन बोकडांचे चोवीस किलो मटण. बारा घरांना दोन-दोन किलो. मला लख्ख पुसून फाटकापाशी टांगले. समोर चक्क रांग! माझी स्प्रिंग नुसती थरथरत होती.

नवव्या घराची पिशवी गेली आणि दिराने पेटीत डोकावले. तळाशी जेमतेम दीड किलो.

"वहिनी, मांजरानं नेलं की काय?"

"एवढं नेणारं मांजर? वाघच म्हणा की!" त्या हसल्या, पण पेटी पुन्हा तळापर्यंत चाचपून पाहिली. तीन घरे अजून रांगेत होती.

तेवढ्यात पहिले गिऱ्हाईक धापा टाकत परत आले. निवृत्त कंपाउंडरकाका.

"ताई, अर्धा किलो जास्त दिलंत! जन्मभर औषधं तोललीत मी, माझ्या नजरेतून सुटतंय होय?"

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिले. आकडा रिकामा, तरी सुई शून्याच्या अर्धा किलो मागे.

"अगं बाई! बादली काढली, पण स्क्रू तसाच राहिला!"

स्क्रू फिरला. मी शून्यावर आलो. मग फोनांवर फोन! एकेक पिशवी परत येऊ लागली, मी जास्तीचे तोलून काढू लागलो. नववे घर मात्र डबा घेऊन आले.

"आमचं जास्तीचंही शिजलं हो! हे चालेल का?"

"चालेल? पळेल!" रांगेतल्या शेवटच्या आजी म्हणाल्या आणि दीड किलोच्या पिशवीबरोबर डबाही घेऊन गेल्या. जाण्याआधी बाराही घरांनी पुढच्या महिन्याचे मटण सांगून ठेवले.

मित्रांनो, एवढेच मागतो. काही तोलण्याआधी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघा. मी खोटे बोलत नाही. मला जिथून सुरू कराल, तिथूनच मी मोजतो.

मागच्या वर्षी व्यापाऱ्याने बोकडांचे वजन नुसत्या नजरेने ठरवले, तेव्हा मी दहा पावलांवर खुंटीला टांगलेला होतो.