अटकेचे ठिकाण

सुटकेच्या त्या कागदात एकूण नऊ रकाने होते आणि आठ भरून झाले होते. नाव, वय, गाव, कामधंदा, अटकेची तारीख, प्रकृती, सोबत सापडलेल्या वस्तू, ताब्यात घेणाऱ्याची सही. एकच रकाना राहिला होता : अटकेचे ठिकाण. त्या एका रकान्यापायी आमच्या गावचा काबिलबेक अकरा दिवस सीमेपलीकडच्या शहरात, एका शाळेच्या सामानाच्या खोलीत बसून होता.

काबिलबेक गावचा पाटकरी. पाटाचं पाणी कुणाला कधी आणि किती, हे तो ठरवायचा. खांद्यावर फावडं टाकून तो पाटाचं दार फिरवायला गेला, आणि त्याच सकाळी वरच्या टेकडीवर गोळीबार सुरू झाला. पलीकडच्या सैनिकांनी त्याला दारापाशीच धरलं. दोन्ही देशांची माणसं गेली. पहिली गोळी कुणाची, हे मला ठाऊक नाही. ज्यांनी ज्यांनी ते छातीठोकपणे सांगितलं, त्यांच्यातलं कुणीही तिथं नव्हतं. सोबतच्या वस्तूंच्या रकान्यात फावड्याची नोंद 'लांब दांड्याचे लोखंडी अवजार' अशी झाली होती.

पलीकडचे म्हणत, "आमच्या हद्दीत पकडला असं लिहा, आज सोडतो." आमचे म्हणत, "तसं लिहिलं की दार त्यांचं झालं, आणि दारामागं चार गावांचं पाणी." एक माणूस घरी आणायचा तर अख्खा पाट द्यायचा का? दोघांकडे नकाशे होते. दोन्ही नकाशांवर एकाच जुन्या सरकारचे शिक्के होते, आणि ते सरकार आता या जगात नव्हतं. विचारायचं कुणाला?

माझा जन्म पलीकडच्या गावातला, बोली ताजिक. लग्न होऊन मी अलीकडे आले आणि किरगिझ शिकले. मधे तेव्हा साधं कुंपणही नव्हतं. युद्ध थांबलं की नाही हे पाहायला परदेशी निरीक्षकांचं पथक आलं, तेव्हा त्यांनी मला दुभाषी म्हणून घेतलं. पुलाशेजारी तंबू ठोकला, टेबल अर्धं इकडे अर्धं तिकडे मांडलं, आणि माझी खुर्ची बरोबर मधे.

दुभाष्याचं काम विचित्र असतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. दिवसभरात मी कितीदा धमकी दिली आणि कितीदा ती धुडकावली, त्याची मोजदाद नाही. म्हणून पहाटेच्या नमाजानंतर माझं रोजचं एकच मागणं असे : दुसऱ्याच्या बोलण्यात माझा शब्द शिरू नये, आणि त्याचा एकही गळू नये.

बुधवारी दुपारी काबिलबेकची बायको बुरुलकान माझ्याकडे आली. दारातूनच म्हणाली, "रोबिया, तो गोरा साहेब काय करतो गं दिवसभर?"

"बसतो, एजे," मी म्हटलं. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात.

"बसतो! बसायला माझी सासूही बसते. रेडिओवर रोज सांगतात, अमक्या देशाला चिंता वाटते, तमक्याला गंभीर चिंता वाटते. चिंता तर माझ्या गायीलाही वाटते. तिची धार तोच काढायचा."

मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं हात लावला नाही.

"शुक्रवारी सकाळी त्याला राजधानीत नेणार आहेत," ती म्हणाली. "घातपाताचा खटला. वकील म्हणाला, दहा वर्षं. दहा वर्षांनी तो बहात्तरचा होईल."

"कुणी सांगितलं?"

"ज्याला लपवायचं नव्हतं त्यानं." मग ती हळूच म्हणाली, "फावडं घेऊन घातपात करतात होय? त्या दिवशी पहाटे गफ्फोरची अर्धी रोटी आली होती आमच्याकडे. मी माझ्या हातानं घेतली. बोलावलं म्हणून गेला ना तो?"

मी तिचा गार झालेला चहा बदलून दिला. पण ती अर्धी रोटी माझ्या डोक्यातून गेली नाही.

गफ्फोर हा पलीकडचा पाटकरी. आमच्या दोन गावांत पाळी बदलायची रीत अशी : ज्याची पाळी संपते, तो पहाटे एक रोटी मोडून अर्धी पलीकडे पाठवतो. ज्याला ती पोचते, तो आपला अर्धा तुकडा घेऊन दारापाशी जातो, दोघं तिथंच बसून खातात आणि मग मिळून दार फिरवतात. रोटी आल्याशिवाय कुणी जात नाही. आली तर न जाणं हा अपमान. बोलणी करायला राजधानीतून आलेल्या पलीकडच्या कर्नलला हे कुठून माहीत असणार? आमच्या बाजूचे तोल्कुनबेक तर मंत्रालयातले; त्यांच्या घरी पाणी नळाला येतं.

गुरुवारी सकाळी तंबूत गेले तर साक्षीदाराच्या खुर्चीत गफ्फोर बसलेला. टोपी गुडघ्यावर, नजर टेबलाच्या पायाशी. लहानपणी मी त्याच्या पाटात पाय सोडून बसायची, तेव्हा तो ओरडायचा, "पोरी, पाणी गढूळ नको करूस, पुढं लोक पितात!"

कर्नल नेमातोव यांनी विचारलं, "तो माणूस दाराच्या कुठल्या बाजूला होता?"

"आपल्या बाजूला, साहेब."

"हातात काय होतं?"

"फावडं."

"बस्स. लिहून घ्या."

मी ते किरगिझमध्ये सांगितलं, मग पथकप्रमुख हाल्वोरसन साहेबांसाठी रशियनमध्ये. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. सगळं खरं होतं. तरीही माझ्या जिभेवर काहीतरी कडवट राहिलं.

"आता तुमचाच प्रश्न मिटला," कर्नल म्हणाले. "साक्षीदार आहे. रकाना भरा. नाहीतर उद्या गाडी निघेल."

"साक्षीदार तुमच्या पगारावर आहे," तोल्कुनबेक म्हणाले.

"पाटकऱ्याला पगार कोण देतं? त्याला जर्दाळू मिळतात."

"मग तुमच्या जर्दाळूंवर आहे."

हे सगळं मलाच दोन्हीकडे बोलावं लागलं. हाल्वोरसन साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली. भांडण तापलं की ते असंच करत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, या इतक्या बैठकांनी होतं तरी काय? ते म्हणाले होते, "बसलेला माणूस गोळी झाडत नाही. याहून जास्त आम्हालाही ठाऊक नाही."

बाहेर कर्नल आणि तोल्कुनबेक एकाच काडीवर सिगारेट पेटवून रशियनमध्ये कुठल्याशा जुन्या कॉलेजच्या कँटीनवरून हसत होते. तंबूत मात्र दोघंही रशियनचा शब्द काढत नसत. नोंदवहीत आपापली भाषाच हवी, असा दोन्ही सरकारांचा हट्ट होता.

दुभाष्यानं कुठल्याही पक्षाशी खासगीत बोलायचं नाही, असा नियम. मी लांब, पुलाच्या कठड्यापाशी उभी राहिले. गफ्फोर स्वतःच आला.

"तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. काल अंगणात दिसली."

"अल्लाची कृपा, अमाक." अमाक म्हणजे काका, पलीकडे सगळी पोरं त्याला तसंच म्हणतात.

"तू काही खाल्लं नाहीस."

"रोजा आहे."

"हं. गुरुवार." आमच्यात काही जण गुरुवारी आपखुशीनं रोजा धरतात. तो टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला जेवढं विचारलं तेवढं मी सांगितलं."

मी काहीच विचारलं नव्हतं. "हो अमाक," मी म्हटलं, "मीही तेवढंच सांगितलं."

तो गेला. मी पाण्याकडे बघत उभी राहिले. अकरा दिवस मी स्वतःला सांगत होते की माझं काम अमानत आहे, सोपवलेली ठेव; लोकांचे शब्द जसे आले तसे पोचवायचे. पण ठेव सांभाळणाऱ्यासमोर कुणाचं घर जळत असेल, तर? हाल्वोरसन साहेबांच्या कानात हळूच सांगता आलं असतं. त्यांनी प्रश्न विचारला असता, माझं नाव कुठं आलं नसतं. पण मग मधल्या खुर्चीत बसून कान फुंकणारी ठरले असते, आणि पुढं त्या खुर्चीवर कुणीही बसलं तरी कुणाचा भरवसा राहिला नसता. आणि माझ्या बोलण्यानं गफ्फोरचं काय होईल, हेही मला दिसत होतं. त्याचा मुलगा फौजेत होता.

मी साहेबांकडे गेले. "मला खुर्ची बदलायची आहे."

"थकलात?"

"नाही. मला साक्षीदाराच्या खुर्चीत बसायचंय."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिथून परत या खुर्चीत येता येणार नाही. या पथकात तरी नाही."

"माहीत आहे."

त्यांनी हात पुढे केला. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

आत गेल्यावर सगळे बसले आणि मधली खुर्ची रिकामी राहिली. कर्नलांनी ताजिकमध्ये काही विचारलं, तोल्कुनबेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कर्नल रशियनमध्येच म्हणाले, "छान! आता आपण मुके झालो."

"बाहेर तर बराच बोलत होतास," तोल्कुनबेक रशियनमध्ये म्हणाले, आणि त्यांनाच हसू फुटलं. नोंद घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. साहेबांनी ते उचलून परत त्याच्या हातात दिलं.

मी रशियनमध्येच रीत सांगितली. कशी रोटी मोडतात, कोण पाठवतो, कोण येतो. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी रोटी गेली की नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जिच्या हातात पडली तिनं मला सांगितलं. ज्यानं मोडली, तो इथंच आहे."

कर्नल सावकाश वळले. "अमाक?"

गफ्फोरनं टोपी डोक्यावर घातली. नीट बसवली. "मी पाठवली होती."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाजू विचारलीत, साहेब. बोलावणं नाही विचारलंत."

"आणि तू विचारायची वाट बघत बसलास? अकरा दिवस?"

"भ्यालो," गफ्फोर म्हणाला. "माझ्या बोलावण्यावर आलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर नेला, आणि मी भ्यालो. त्याला ज्या खोलीत ठेवलंय तिथं मलाही ठेवा. निदान तोंड तरी दाखवता येईल."

कर्नलांनी कपाळ चोळलं. वर्दीतला माणूस क्षणभर बाजूला झाला आणि कुठल्या तरी डोंगरगावचा एक मुलगा दिसला, असं मला वाटलं. "म्हणजे माझ्या पोरांनी पाहुणा धरला," ते पुटपुटले.

"मग लिहा, पाहुणा," तोल्कुनबेक लगेच म्हणाले.

"लिहितो की! कुणाच्या जमिनीवर पाहुणा?"

घोडं पुन्हा तिथंच अडलं. तेवढ्यात हाल्वोरसन साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला, शांतपणे एक ओळ लिहिली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली : 'पाण्याची पाळी बदलण्याच्या जागी, यजमान पाटकऱ्याच्या बोलावण्यावरून.'

दोघांनी ती दोन-दोनदा वाचली. प्रत्येकाला तिच्यात आपापला नकाशा दिसला असावा, किंवा निदान दुसऱ्याचा दिसला नसावा. दोन्ही राजधान्यांना फोन गेले. दोन तास लागले. माझ्या दुपारच्या नमाजाला कधी नव्हे इतका उशीर झाला. पुलाखाली सपाट दगड पाहून मी तो उरकला.

साडेपाचला काबिलबेक पूल ओलांडून आला. दाढी वाढलेली, बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या, त्यामुळं पाय घासत चालत होता. बुरुलकाननं त्याच्या दंडावर एक चापट मारली. "अकरा दिवस! आणि चालतोस कसा, म्हाताऱ्या बैलासारखा!" मग त्याच्या बाहीत तोंड खुपसून ती उभी राहिली.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि कागद मागितला. मी वाचून दाखवला.

"यात तो निर्दोष आहे असं कुठं लिहिलंय?"

मी तो प्रश्न साहेबांना सांगितला. सवयच ती.

"कुठंच नाही," ते म्हणाले. "म्हणून तर दोन्ही सह्या मिळाल्या."

बुरुलकान त्यांच्याकडे बघत राहिली. राग होता की आदर, मला कळलं नाही.

तोल्कुनबेकनी काबिलबेकसाठी गाडीचं दार उघडलं. तो एक पाय आत टाकून थांबला. "गफ्फोर कुठाय?"

कर्नलांच्या गाडीत बसवून गफ्फोरला नेलं होतं. जबाब घ्यायचाय, एका दिवसाचं काम आहे, असं जाताना सांगून गेले होते. एक दिवस म्हणजे किती दिवस, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

"जबाबाला नेलंय," मी म्हटलं. "माझ्यामुळं, काबिलबेक. मी तोंड उघडलं म्हणून."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं केलंस," तो म्हणाला. मग आत टाकलेला पाय बाहेर काढला, नाड्या नसलेले बूट घासत पुलापर्यंत गेला आणि आमच्या बाजूच्या पहिल्या फळीवर मांडी घालून बसला.

"अरे, घरी चल!" बुरुलकान ओरडली. "वेड लागलंय का?"

"तू हो पुढं. गायीची धार काढ."

"तीच तर मला देत नाही!"

"मग तिला इथं घेऊन ये."

हाल्वोरसन साहेबांनी आपली बॅग बंद करून गाडीत ठेवली होती. त्यांनी विचारलं, हा काय म्हणतो? मी सांगितलं. त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलंही नाही. बॅग परत बाहेर काढली, पुलाकडे गेले आणि काबिलबेकच्या शेजारी, अंगातल्या चांगल्या कोटाची पर्वा न करता, फळीवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, कर्नल सकाळी साडेदहाला येतात. तोपर्यंत मी आहे."