बांधावरच्या आईचं आडनाव

बांधावरच्या देवीची शिस्त कडक होती. अवसेला हौसरावच्या शेताच्या टोकाला लिंबाखाली जर्मनच्या ताटात नैवेद्य ठेवायचा, ताट काठीनं पुढं सरकवायचं आणि मागं न बघता निघायचं. ताट परत आणायचं नाही. बाकीच्या देव्यांना नवी साडी लागे, हिला जुनं लुगडं चाले. या साध्या राहणीचा हौसरावला अभिमान होता. लिंबाखाली ताटांची चळत साचली होती. कोपाच्या भीतीनं भंगारवालासुद्धा शिवत नसे.

सोसायटीच्या निवडणुकीआधी बांधावरच्या आईचं देऊळ उभारायचं, असं त्यानं तळेगाव ढमढेऱ्याच्या भर बाजारात जाहीर केलं. कमानीवर नाव रंगवायला सुदर्शन पेंटर घरी आला. ओट्यावर डबे मांडून, चहा घेत त्यानं आईचं खरं नाव विचारलं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हौसराव आत दगडाबाई आत्याकडं गेला. नव्वदीची आत्या शेंगा फोडत बसली होती.

"गजरा," ती म्हणाली. "माझी थोरली भन."

"आत्या, म्या देवीचं इचारतोय."

"म्या बी तिचंच सांगतीय. रगतपिती झाली तवा आबानं, तुझ्या आज्यानं, तिला लिंबाखाली खोपट घालून दिलं. ताट म्याच सरकवायची, काठीनं. मागं बघितलं की हाक मारायची ती. म्हणून बघायचं न्हाई."

"आन् मेली तवा?"

"तवा बी ठिवत ऱ्हायलो. बंद केलं तर लोक इचारतील, आबा म्हणला. पुढं कुणाची तरी हरवलेली म्हस तिथं घावली. त्यानं नारळ फोडला."

 पोरगं, बोअरचं पाणी, गेल्या खेपेची चेअरमनकी, सगळं हौसरावनं सख्ख्या आत्याकडं मागितलं होतं. आणि गेल्या साली आशा सेविका सविता कुष्ठरोगाचे चट्टे तपासायला आली, तेव्हा आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणून तिला दारातूनच वाटेला लावलं होतं.

तो ओट्यावर आला.

"लिही. गजराबाई. पुढं आमचं आडनाव."

"देवीला आडनाव, मामा?"

"हिला हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. सुदर्शननं मान डोलावली, फार वाईट झालं म्हणाला. आता गोळ्यांनी बरं होतं, तेही त्याला माहीत होतं. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला आणि ब्रशच्या दांड्यानं कप हळूच हौसरावकडं सरकवला.