उम्म तबल्दीच्या शाळेतली खोकी

फौजेचा कप्तान पहिल्यांदा शाळेत आला तेव्हा म्हणाला होता, "तीनच दिवस, बाई."

"शुक्रवार धरून की सोडून?" इन्शिराहने विचारलं.

कप्तान मोठ्याने हसला. इन्शिराह हसली नाही. उम्म तबल्दी गावातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होईपर्यंत तिने वर्गात इतके बहाणे ऐकले होते की, खोटं बोलणारा तोंड उघडायच्या आधीच तिला कळायचं. त्याच दुपारी फौजेचा ट्रक आवारात शिरला आणि शिपायांनी पहिलीचा आणि दुसरीचा वर्ग दारूगोळ्याच्या लांबट हिरव्या खोक्यांनी भरून टाकला. बाकं बाहेर काढली ती पावसात राहिली, आणि पाऊस सरल्यावर शिपायांनी चुलीत घातली.

तीन दिवसांचे तीन महिने झाले.

शाळेचा राखणदार कूकूचाचा रोज सकाळी त्या दारासमोर झाडू मारायचा आणि रोज तोच प्रश्न विचारायचा, "बाई, हे सामान आपल्या देशात होत नाही ना?"

"आपल्या देशात खडूसुद्धा होत नाही, चाचा."

"मग हे देतं कोण?"

इन्शिराह भूगोल शिकवायची. खोक्यांवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण कुठली लिपी जगाच्या कुठल्या कोपऱ्यातली हे ओळखता येत होतं. एका खोक्यावर उत्तरेकडची लिपी, दुसऱ्यावर पूर्वेकडची, आणि बऱ्याच खोक्यांवरची अक्षरं मुद्दाम खरवडून टाकलेली. शाळेसाठी जगाचा एक नकाशा मिळावा म्हणून तिने वर्षानुवर्षं शिक्षणखात्याचे उंबरठे झिजवले होते. नकाशा काही आला नव्हता. नकाशातले देश मात्र न बोलावता येऊन तिच्या वर्गात बसले होते.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," कूकूचाचा म्हणायचा आणि झाडू आपटायचा.

मोहल्ल्यातल्या बायका तर रोज तिलाच धारेवर धरायच्या. शेजारच्या गावी जिथे अशी खोकी ठेवली होती, तिथे आकाशातून ड्रोन आला आणि खोक्यांबरोबर अर्धा बाजार गेला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेच्या भिंतीला भिंत लागून घरं होती. "बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बोला ना त्यांच्याशी," असं म्हणत बायका तिला कप्तानाकडे ढकलायच्या. कप्तान म्हणायचा, वरून हुकूम आला की हलवतो. वर म्हणजे कुठे, हे तो कधी सांगत नसे.

मग एका पहाटे फौज निघून गेली. जाताना दुसरीच्या वर्गातली खोकी तेवढी नेली, पहिलीची तशीच राहिली. दुपारच्या आत गाडीवाले आले. फौजेशी लढणाऱ्या या लोकांना गावात सगळे गाडीवालेच म्हणत, कारण ते चिखल थापलेल्या उघड्या गाड्यांतून यायचे आणि गाड्यांतच झोपायचे.

त्यांचा म्होरक्या खाली उतरला, तोंडावरचा फडका बाजूला केला आणि म्हणाला, "बाई, ओळखलंत का? मी दलदूम. माझी बहीण तुमच्या शाळेत होती. मी तिला सोडायला यायचो."

"आणि भिंतीवरून आत डोकावायचास," इन्शिराह म्हणाली. "ओळखलं. खोकी केव्हा नेतोयस?"

दलदूमने मान खाली घातली. क्षणभर तिला वाटलं, पोरगा लाजला. तेवढ्यात त्याच्या मागून ट्रक वळला. त्यातही खोकीच होती, फक्त रंग मातकट आणि कुलपं नवी.

"ही आणखी कुठली?"

"मित्रांनी पाठवलीत."

"कोण मित्र? नाव असेल ना त्याला?"

"बाई, मित्र म्हणजे मित्र."

"असले मित्र मला एकदा भेटव. विचारते त्यांना, तुमच्याकडे शाळा आहेत का, असल्या तर त्यात काय ठेवता."

दलदूमने तिसरीचा आणि चौथीचा वर्ग भरला आणि बाहेरून कुलूप लावलं. आता शाळेत दोन्ही बाजूंचं सामान एकाच छपराखाली होतं. एकमेकांचे मुडदे पाडणाऱ्यांची खोकी मात्र भिंतीला भिंत लावून गुण्यागोविंदाने राहत होती. कूकूचाचाने दोन्ही बाजूंच्या दारांसमोर सारखाच झाडू मारला.

थंडी सुरू झाल्यावर परदेशी माणसं आली. कुठल्या हत्यारांनी हे युद्ध चाललंय, ती कुठल्या देशातून येतात, याचा शोध घेणारी ती मंडळी होती. त्यांची पुढारी एल्के नावाची उंच, गोरी बाई. अरबी चांगली बोलायची, फक्त प्रत्येक वाक्याआधी माफी मागायची. दलदूमने तिला स्वतः शाळेत आणलं, कारण फौजेला बाहेरून मदत मिळते हे जगाला दाखवायची त्याला हौस होती. पहिलीच्या वर्गाचं दार त्याने असं उघडलं, जसं काही पाहुणीला नवं घर दाखवतोय.

एल्केने हातमोजे चढवले. तिच्या माणसांनी प्रत्येक खोक्याचा फोटो काढला, खरवडलेल्या अक्षरांवर दिवा तिरका धरून नंबर शोधले. दोन तास इन्शिराह दारात उभी होती. तिच्या मनात एकच गोष्ट होती : एवढी माणसं, एवढ्या मोठ्या गाड्या. जाताना खोकी नेतील.

काम आटोपून ते बाहेर आले. इन्शिराह पुढे झाली आणि तिसरीच्या वर्गाच्या कुलपावर तिने हात ठेवला. "याही खोलीत बघा."

"बाई," दलदूम म्हणाला.

"का रे? पाहुण्यांना अर्धंच घर दाखवायचं असतं का?"

"बाई, पुरे." या वेळी त्याच्या आवाजात तो भिंतीवरून डोकावणारा पोरगा नव्हता. मागच्या दोघांनी खांद्यावरच्या बंदुका हातात घेतल्या. एल्केने आपल्या माणसाच्या कॅमेऱ्यावर हळूच हात ठेवला. कुलूप लावलेल्या दाराकडे तिने एकदा पाहिलं, इन्शिराहकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माफ करा, मला समजलं."

गाडीत बसण्याआधी ती इन्शिराहचा निरोप घ्यायला आली.

"खोकी कधी नेणार?" इन्शिराहने विचारलं.

"माफ करा. आम्ही फक्त नोंद करतो. ती नेणं आमच्या अधिकारात नाही."

"मग कोणाच्या?"

एल्केने हातमोजे काढून खिशात कोंबले. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाच इन्शिराहला सगळ्यात जास्त राग आला. "नंबर न्यायला सगळे येतात," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या लांबून आलात. खोकी न्यायला कोणालाच वाट सापडत नाही. आणायला बरी सापडते."

गाडी गेल्यावर तिला वाटलं, आपण उगाच बोललो. पण माफी मागायला मागे जायची तिची तयारी नव्हती. माफी पुरेशी मागून झाली होती.

काही आठवड्यांनी गाडीवालेही एकाएकी पश्चिमेला निघून गेले. दलदूमने थोडी खोकी नेली, बाकीची तिथेच सोडली. फौज अजून दूर होती. म्हणजे गावाला मालकच नव्हता. इन्शिराह घरोघर फिरली, "आजच. उद्या कोणीतरी येईलच," म्हणाली. गावाबाहेर, तिळाच्या शेतांच्या पलीकडे, पावसाचं पाणी साठवायचा एक जुना खड्डा कोरडा पडला होता. तिथे नेऊन टाकायचं ठरलं.

तिचा दीर बुशारा आपली गाढवगाडी घेऊन आला, पण आवाराच्या फाटकातच आडवी घातली.

"वहिनी, वेडी झालीस? हे फुकट टाकणार? सीमेवरचा व्यापारी एका खोक्यामागे एवढे देतो की तुझ्या शाळेला पत्रे, बाकं, खडू-फळे, सगळं होईल."

"आणि तो ती कोणाला विकेल?"

"त्याचं तो बघेल."

"भावजी, सगळे असंच म्हणतात. तो देणारा म्हणतो, घेणारा बघेल. घेणारा म्हणतो, चालवणारा बघेल. आणि बघायला लागतं कोणाला? मला! रोज सकाळी उठून मीच बघते. गाडी बाजूला घ्या, नाहीतर सरळ करा."

बायका हसल्या. बुशाराने रागारागाने गाढवाला दोन शिव्या दिल्या आणि गाडी सरळ केली. कूकूचाचा तरुणपणी फौजेत होता, तो सारखा ओरडत राहिला, "ओढू नका, उचला! पोरीला बाजेवरून उचलता तसं!" मुलांना लांब मशिदीकडे पाठवलं होतं. अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचे पदर कमरेला खोचून बायकांनी ती खोकी उचलली. कोणी कलमा पुटपुटत होतं, कोणी नवऱ्याला शिव्या घालत होतं. उन्हं कलायच्या आत अख्खी शाळा रिकामी झाली. इन्शिराहने पहिलीच्या वर्गाची जमीन स्वतः पाण्याने धुतली. त्या दिवशी तिने आल्याची कॉफी तिथेच उंबरठ्यावर बसून घोटघोट प्यायली.

दोन दिवसांनी, शाळा पुन्हा भरायच्या आतच, भर दुपारी ड्रोन आला.

आधी घोंगावणं, मग एक क्षण काहीच नाही, मग जमीन हादरली. इन्शिराह घरी ज्वारीच्या पिठाची असिदा ढवळत होती. ती पळत पोचली तेव्हा शाळेच्या एकाही वर्गावर छप्पर नव्हतं. कूकूचाचा कडुनिंबाखाली बसला होता, कपाळातून रक्त वाहत होतं, हातात झाडूचा दांडा. "बाई, इथे तर काहीच नव्हतं," तो एखाद्या लहान मुलासारखा म्हणत राहिला. "त्यांना कोणी सांगितलं नाही का? काहीच नव्हतं."

कोणाचा ड्रोन होता हे कळलं नाही. फौज म्हणाली गाडीवाल्यांचा, गाडीवाले म्हणाले फौजेचा. उडवणारा कुठल्यातरी थंडगार खोलीत बसून वरून टिपलेल्या जुन्याच चित्राकडे बघत असणार, एवढंच इन्शिराहला समजलं. तिला रडू आलं नाही. भिंतीचा एक दगड उचलून तिने आकाशाकडे भिरकावला. तो शेजारच्या पत्र्यावर पडला आणि शेजारीण ओरडत बाहेर आली.

संध्याकाळच्या आत बुशारा तिच्या दारात. गाडी भरलेली, वर ज्वारीच्या कडब्याची पेंढी, पेंढीखाली हिरवे कोपरे.

"वहिनी, ही कुठे टाकू?"

तिने पेंढीचं एक टोक उचललं. "ही कुठून आली?"

"थोडीशीच ठेवली होती. धान्याच्या कोठीत. लेकरं शेजारच्या खोलीत झोपतात गं..." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कडबा काढा आधी," ती म्हणाली. "गाढवाला खायला होईल तो." आणि तीच पुढे होऊन लगाम धरून त्याच्याबरोबर खड्ड्यापर्यंत चालत गेली. वाटभर ती फक्त गाढवाला हाकत राहिली. बुशारालाही शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं वाटलं असावं.

पुढच्याच आठवड्यात फौज परतली. तोच कप्तान, थोडा वाळलेला. खड्ड्यातली खोकी त्याला सापडली आणि तो ट्रक भरून पुन्हा गावात आला. शाळेला छप्पर नव्हतं, म्हणून त्याच्या लोकांनी रिकाम्या खोल्या शोधायला सुरुवात केली.

ही बातमी इन्शिराहला सकाळीच लागली होती. तिने सगळ्या मुलींना बोलावलं. आपल्या घराच्या दोन्ही खोल्यांत, अंगणात, बुशाराच्या कोठीत, कूकूचाचाच्या झोपडीत तिने वर्ग बसवले. शिकवायला कोणी नव्हतं तिथे मोठ्या मुली शिकवायला उभ्या केल्या.

"वहिनी," बुशारा हळू आवाजात म्हणाला, "पोरींची ढाल करतेस?"

हे तिच्या काळजात गेलं. तिने हातातला खडू खाली ठेवला. "खोकी आली तर पोरी त्यांच्या शेजारीच झोपतात, भावजी," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. खरंच सांगा."

बुशाराने कोपऱ्यातली चटई उचलली आणि अंगणातल्या पोरींसाठी पसरली.

कप्तानाने तिच्या घराचं दार ढकललं तेव्हा आत नद्यांचा धडा चालला होता, जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. "बाई, एक तरी खोली. तीनच दिवस."

इन्शिराहने मुलींना पुढची नदी विचारली. मागच्या कुठल्यातरी मुलीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. कप्तान लाल झाला आणि दार ओढून निघून गेला.

ट्रक तासभर गल्लीबोळांतून फिरला आणि शेवटी बाजारातल्या शिंपीआळीत रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-सहा शिंपी तावातावाने इन्शिराहच्या दाराशी आले. तुम्ही शिकलेल्या, तुमच्या हुशारीपायी ही बला आमच्या गळ्यात आली, आमची पोरं काय दगडाची आहेत का, असं सगळे एकदम बोलत होते.

त्यांचं म्हणणं खोटं आहे, असं ती म्हणू शकली नाही. तिने बाज ओढली, त्यांना बसायला सांगितलं आणि चुलीवर पाणी ठेवलं. चहात साखर किती घालायची एवढंच तिने विचारलं, आणि त्यावरही ते भांडले.